घरी नर्स बोलावली: बेन सोन्यासारख्या, एजन्सी बेफिकीर

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर. मागच्या महिन्यात चार वर्षांच्या नातवाला गोवर आला. (इकडे त्याला ओरी म्हणतात.) नवव्या महिन्याची लस झाली होती, 16 ते 24 महिन्यांमधली दुसरी मात्र मुलाच्या बदलीच्या धावपळीत राहून गेली. मुलगा-सून नोकरीवर, माझे गुडघे धड नाहीत, म्हणून दिवसापुरती नर्स मागवली.

पहिल्या दिवशी एजन्सीने पाठवलेली मुलगी पाच महिन्यांची गरोदर! पेशंटला काय झालंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गरोदरपणात गोवर म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही धोका. तिला दारातूनच परत पाठवलं, आणि फोनवर एजन्सीवाल्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आलेल्या बेन पन्नाशीच्या. मी विचारायच्या आत उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, मला लहानपणीच ओरी येऊन गेलीय. पोराला उजेड सोसत नव्हता, म्हणून पडदे ओढले, खिडकी मात्र उघडी ठेवली. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसायच्या, दर डोळ्याला नवा बोळा. पेज, नारळपाणी चमच्या-चमच्याने. माझ्या मनुकांच्या पाण्याला हरकत नाही, दारावरच्या कडुनिंबाच्या डहाळीलाही नाही. पण गोवरात अंगाला पाणी लावायचं नाही, हा माझा हट्ट त्यांनी चालू दिला नाही. कोमट पाण्याने अंग पुसलंच.

खरी कसोटी श्वासाची. पोर झोपलं की सदरा वर करायच्या, घड्याळ समोर, आणि मला दटावणी: "बा, एक मिनिट बोलशो नहीं." या वयात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास झाले तर न्यूमोनियाची शंका, थेट डॉक्टरांकडे. एका दुपारी 38 भरले. बेननी डबा तसाच झाकून ठेवला आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजत बसल्या. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा 28. मग जेवल्या. डॉक्टरांनी लागोपाठ दोन दिवस दिलेले 'अ' जीवनसत्त्वाचे डोससुद्धा त्यांच्या वहीत वेळेसकट लिहिलेले.

पुरळ उठल्यापासून चार दिवस वाड्यातली मुलं वर येऊ दिली नाहीत. खालच्या काकू रुसल्या, रुसोत.

बिलात परत पाठवलेल्या मुलीचाही दिवस लावला होता. तीन फोन केल्यावर काढला. तिला निदान रिक्षाभाडं तरी दिलंत का, असं विचारलं, तर फोन ठेवून दिला.