टाकी, टोनर की कार्ट्रिज? घरासाठी वाय-फाय प्रिंटर निवडताना

दुकानात प्रिंटर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "महिन्याला किती पानं काढता?" मी विचारेन, दोन प्रिंटांच्या मध्ये किती दिवस जातात? एका घरात रोज दोन-तीन पानं निघतात. दुसऱ्या घरात शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी एका रविवारी ऐंशी पानं निघतात आणि पुढे महिनाभर प्रिंटरवर धूळ बसते. बेरीज सारखीच, पण या दोन घरांनी एकच यंत्र घेतलं तर त्यातलं एक घर वर्षभरात वैतागणार.

कार्ट्रिजवाल्या इंकजेटचं आधी उरकून घेऊ. पाचेक हजारांत वाय-फाय, स्कॅनर, कॉपी असं सगळं मिळतं, म्हणून हात तिकडेच जातो. पण एचपीच्या ८०५ या साध्या काळ्या कार्ट्रिजची क्षमता कंपनीच्याच हिशोबाने सुमारे १२० पानं आहे. कॅननच्या पीजी-७४५ ची १८० च्या आसपास. दुकानातली कार्ट्रिजची किंमत त्या आकड्याने भागून बघा, एक पान काही रुपयांना पडतं. शिवाय हा आकडा पानावर जेमतेम पाच टक्के शाई धरून काढलेला असतो. ठळक मथळे आणि चित्रं असली की तो आणखी घसरतो. या जातीचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. बऱ्याच मॉडेलमध्ये शाई फवारणारं हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, त्यामुळे ते चोंदलं तरी नवं कार्ट्रिज घातलं की हेडही नवं. तरीही खरेदीचा सल्ला म्हणून मी यावर फुली मारतो.

खरी लढत टाकी आणि लेझरची.

बाटलीतून शाई भरायच्या इंक टँकचं, म्हणजे टाकीवाल्याचं, गणित पहिल्या नजरेत भुरळ घालणारं आहे. एपसनच्या ००३ या काळ्या शाईच्या ६५ मिलीच्या बाटलीत सुमारे ४५०० पानं निघतात असं कंपनी सांगते. बाटली चारशेच्या आत-बाहेर मिळते, म्हणजे पानाला दहा पैशांच्या आसपास. रंगीतही स्वस्तात पडतं. शाळेतली मुलं असलेल्या घरात, जिथे प्रकल्पवहीसाठी ज्वालामुखीपासून शिवनेरीपर्यंत सगळं रंगीत लागतं, तिथे दुसरा पर्यायच नाही.

पण इथे हेड यंत्राच्या आत कायमचं बसवलेलं असतं. टाकीत शाई काठोकाठ भरलेली असली तरी हेडच्या बारीक छिद्रांतली वाळते, आणि एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेत हे लवकर होतं. त्यात आपली एक सवय भर घालते. रात्री घरातली सगळी बटणं बंद करताना प्रिंटरचं भिंतीवरचं बटणही खटकन बंद होतं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड सरकत जाऊन उजवीकडच्या कोपऱ्यात रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं झाकली जातात. कान दिला तर तो सरकण्याचा आवाज ऐकूही येतो. काम चालू असताना भिंतीवरूनच वीज तोडली तर हेड आहे तिथेच उघडं राहतं. आधी यंत्राचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचं. आठवड्यातून एक रंगीत पान काढलं तर ही यंत्रं वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात.

पानावर पांढऱ्या रेघा आल्या तर आधी नोझल चेक, म्हणजे कोणती छिद्रं चोंदली ते दाखवणारं पान, काढा, मगच हेड क्लीनिंग. तेही एका बैठकीत दोन-तीनदाच. त्यानंतरही रेघा राहिल्या तर यंत्र रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा बघा. बऱ्याचदा नळ्यांतली हवा बसते आणि काम होतं. सलग आठ-दहा वेळा क्लीनिंग मारणाऱ्यांची शाई जाते कुठे? यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये. ते भरलं असं यंत्राने मोजलं की ते छपाईच थांबवतं. काही मॉडेलना हा भाग घरी बदलता येतो, काहींना सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. घेण्यापूर्वी हे विचारून घ्या, दुकानदार आपण होऊन सांगत नाही.

शाईच्या जातीतही फरक आहे. एपसनची ००३ डाय शाई आहे, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, पाणी पडलं की फुटते. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या जीटी ५३ मध्ये काळी शाई पिगमेंट, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, असते, ती कागदावर जास्त घट्ट बसते. घरून पार्सलं पाठवणाऱ्यांनी, पावसात पत्त्याची चिठ्ठी वाचता यावी असं वाटत असेल तर, हे बघूनच घ्यावं.

लेझरमध्ये शाई नसते, टोनरची पूड असते. वाळायला काही नाहीच. गणपतीत बंद केलेला प्रिंटर होळीला सुरू केला तरी पहिलं पान स्वच्छ निघतं. ज्येष्ठांच्या घरी, जिथे बँकेचा एखादा फॉर्म, रेल्वेचं तिकीट आणि अधूनमधून एखादं पत्र एवढंच लागतं, तिथे माझी पसंती डोळे झाकून काळ्या-पांढऱ्या लेझरला. वकील, सीए यांच्यासाठीही तोच: अक्षर धारदार, वेग जास्त, पुसलं जात नाही. लहान टोनर साधारण दीड हजार पानं देतो, मोठा अडीच हजारांच्या पुढे. पान टाकीपेक्षा महाग पडतं हे खरं. गल्लीत टोनर रिफिल करून देणारे असतात, पण नव्या मॉडेलांच्या टोनरवर चिप असते आणि काही कंपन्यांची यंत्रं परकी चिप नाकारतात. एचपी त्याला डायनॅमिक सिक्युरिटी म्हणते. खोक्यावर हे शब्द दिसले तर स्वस्त रिफिलचा हिशोब मनातून काढून टाका.

लेझरच्या दोन अडचणी जाहिरातीत नसतात. पहिली विजेची. पूड कागदावर वितळवणारा फ्यूझर दोनशे अंशांच्या घरात तापतो, त्या क्षणी यंत्र कित्येकशे वॉट ओढतं आणि खोलीतला बल्ब क्षणभर मिणमिणतो. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लेझर लावू नका, घरच्या इन्व्हर्टरवरही भरवसा नाही. तालुक्याच्या गावात ऐन कामाच्या वेळी लाइट जात असेल तर टाकीवाला बरा, तो दहा-पंधरा वॉटमध्ये भागवतो. दुसरी अडचण पावसाळ्याची. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलैमध्ये ट्रेमध्ये राहिलेला कागद ओल धरतो. मग पान वळतं, अडकतं, कधी अक्षर बोटाने पुसलं जातं, आणि लोक यंत्राला दोष देतात. रीम प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं.

आणि महिन्याला चार-पाचच पानं लागत असतील तर? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला या सगळ्यांना हरवतो. फक्त आधार कार्ड आणि पगाराची स्लिप त्याच्या व्हॉट्सॲपवर कायमची पडून राहणं तुम्हाला चालतं का, एवढं स्वतःला विचारा.

आता वाय-फाय. सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच, आणि त्या तिन्ही जातींत सारख्या. खरेदीच्या वेळीच एक घोळ होतो: एपसनचे एल ३२१० आणि एल ३२५० शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, पण वाय-फाय फक्त ३२५० ला आहे. लेझरच्या नावातली अक्षरं वाचा: डब्ल्यू म्हणजे वायरलेस, डी म्हणजे आपोआप दोन्ही बाजूंनी छपाई.

बिघाड आला की पहिलं काम कॉपी. स्कॅनरच्या काचेवर कागद ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. पान नीट आलं तर यंत्र ठणठणीत, दुखणं नेटवर्कमध्ये. मग तो बॉक्स बडवण्यात अर्थ नाही.

नवं फायबर कनेक्शन आलं आणि प्रिंटर गायब, हा नेहमीचा प्रकार. प्रिंटरच्या डोक्यात जुन्या वाय-फायचं नाव बसलेलं असतं. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या; प्रिंटर, टीव्ही सगळे बहुधा गुपचूप जोडले जातात. तरीही जमलं नाही तर बँड, म्हणजे वाय-फाय कोणत्या लहरींवर चालतं ते, बघा. स्वस्त प्रिंटरांना बहुतेक २.४ गिगाहर्ट्‌झच कळतो. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्‌झ बंद ठेवा. प्रिंटर गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या) नेटवर्कवर टाकण्याची युक्ती करू नका, तिथली उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

मोबाइलवरून प्रिंट निघते पण विंडोज लॅपटॉप 'ऑफलाइन' म्हणतो? लाइट जाऊन आली की राउटर प्रिंटरला कधीकधी नवा आयपी पत्ता (नेटवर्कमधली आकड्यांची ओळख) देतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती छापून घ्या, त्यावरचा, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, पत्ता राउटरमध्ये प्रिंटरसाठी राखून ठेवा आणि विंडोजमध्ये प्रिंटर त्याच पत्त्याच्या टीसीपी/आयपी पोर्टवर नव्याने जोडा. रांगेत अडकलेलं काम हलत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) बंद करून पुन्हा सुरू करा.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक राहिलंच. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) चालू असताना घरचा प्रिंटर बऱ्याचदा दिसतच नाही. ऑफिसचे नियम परवानगी देत असतील तर व्हीपीएन तोडून छापा, नाहीतर यूएसबीची वायर लावा. ती खोक्यात नसेल तर प्रिंटरबरोबरच विकत घ्या.