तलफ आली की काय: सूर्यनमस्कार की श्वास?

भावाच्या नशेच्या गोळ्या सुटून आता आठवा महिना. सकाळी साडेपाचला आम्ही दोघं साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ धरतो, वर पोचलो की बारा सूर्यनमस्कार. अंगातून घाम निघतो, रात्री झोप लागते. सुरुवातीच्या महिन्यांत झोपेचाच तर खरा वांधा असतो. पण तलफ काही सकाळची वेळ बघून येत नाही.

ती येते संध्याकाळी, पोवई नाक्यावर जुना सोबती दिसला की. तिथे सूर्यनमस्कार कुठे घालणार? भाऊ गाडी कडेला लावतो, चार मोजत श्वास घेतो, आठ मोजत सोडतो. श्वास असा लांबवून सोडला की छातीतली धडधड मंदावते, आणि तलफेची लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. परवा हँडलवरची त्याची थरथरणारी बोटं हळूहळू शांत होताना मी पाहिली. एकच निवडायचं तर मी श्वास निवडेन. कपालभाती मात्र नको, घाबरलेल्या जिवाला ती आणखी बेचैन करू शकते.

आणि हे सगळं उपचारांच्या जोडीला. झोपेच्या गोळ्या किंवा दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, तिथे डॉक्टरच हवेत.