लॉर्ड रिपन यांच्यावरचे टिपण: विकत घ्यावे का?

जळगावातील एका अभ्यासिकेने व्हाइसरॉयांवर तयार केलेला टिपणसंच सध्या खानदेशातील स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांमध्ये बराच फिरतो आहे. स्पायरल बायंडिंगचा हा संच झेरॉक्सच्या दुकानात दोनशे रुपयांच्या आत मिळतो, छपाई स्वच्छ आहे आणि समासात लिहायला पुरेशी जागा सोडलेली आहे. त्यातील लॉर्ड रिपन यांच्यावरचे प्रकरण मी बारकाईने वाचले, कारण धुळ्यात इतिहास शिकवताना मुलांना रिपन यांची कामे तोंडपाठ असतात, पण हा माणूस असा का वागला हे कोणालाच सांगता येत नाही, असा माझा नेहमीचा अनुभव आहे.

या प्रकरणाचे मोठे बळ असे की ते रिपन व्हाइसरॉय झाले त्या 1880 पासून सुरू होत नाही. जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युअल रॉबिन्सन, म्हणजेच पुढचे लॉर्ड रिपन, यांचा जन्म 1827 मध्ये लंडनच्या 10, डाउनिंग स्ट्रीट या घरात झाला, कारण त्या वेळी त्यांचे वडील लॉर्ड गोडरिच ब्रिटनचे पंतप्रधान होते. अशा घराण्यातील हा तरुण ख्रिस्ती समाजवाद्यांच्या गटात मिसळला, 1852 मध्ये उदारमतवादी म्हणून कॉमन्स सभागृहात निवडून गेला आणि 1859 मध्ये वडील व काका यांच्या पदव्या वारशाने मिळाल्यावर उमरावांच्या सभागृहात दाखल झाला. पुढे 1863 मध्ये युद्धमंत्री, 1866 मध्ये काही महिने भारतमंत्री आणि 1868 पासून पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात लॉर्ड प्रेसिडेंट (या पदाकडे शिक्षणखातेही असे) अशी त्यांची चढती कमान राहिली. अमेरिकेशी झालेल्या 1871 च्या वॉशिंग्टन करारासाठी त्यांनी ब्रिटिश शिष्टमंडळाचे नेतृत्व केले आणि त्याबद्दल त्यांना मार्क्विस ही पदवी मिळाली. 1874 मध्ये त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा इंग्लंडमधील फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे सर्वोच्च पद त्यांना सोडावे लागले. सहा वर्षांनी ग्लॅडस्टन यांनी या कॅथलिक माणसाला भारताचा व्हाइसरॉय नेमले, तेव्हा प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये मोठा गहजब झाला.

ही पार्श्वभूमी दिल्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय नीट उलगडतो. आधीचे व्हाइसरॉय लिटन यांना हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या सरकारने पाठवले होते आणि रिपन उदारमतवादी सरकारचे होते, एवढे कळले की देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा लिटन यांचा 1878 चा देशी वृत्तपत्र कायदा 1882 मध्ये का रद्द झाला हे वेगळे पाठ करावे लागत नाही. इंग्लंडमधील 1870 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा रिपन शिक्षणखाते पाहत असताना झाला, हा धागा टिपणकाराने भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1882 च्या हंटर आयोगाशी जोडला आहे, तो मला फार आवडला. याच आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले होते, हेही जागच्या जागी आले आहे. 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा आली, हेही अचूक आहे. मात्र हा कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरताच होता, हे सांगायचे राहिले आहे. जळगावात कापडगिरणी त्याआधीच उभी राहिली होती, त्या गिरणीचा साधा उल्लेख केला असता तर इथल्या मुलांना तो कायदा अधिक जवळचा वाटला असता.

खरी चूक स्थानिक स्वराज्याच्या पानावर आहे. ठळक चौकटीत ‘1882 चा स्थानिक स्वराज्य कायदा’ असे छापले आहे. 18 मे 1882 रोजी रिपन सरकारने केला तो ठराव होता, कायदा नव्हे. स्थानिक कारभार पाहणाऱ्या मंडळांत बिगरसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे अध्यक्षही बिगरसरकारी असावा आणि कारभार सुधारण्यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्याचा आशय होता. अंमलबजावणी प्रांतांवर सोपवली होती, आणि मुंबई इलाख्यात त्यासाठी 1884 मध्ये वेगळे कायदे झाले. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग 1906 मध्ये झाले. अमळनेर किंवा एरंडोलच्या मुलाने तालुका लोकल बोर्डाचा उगम शोधायचा तर तो 1884 च्या कायद्यातच सापडेल, आणि म्हणून ही चूक किरकोळ समजून सोडून देता येत नाही.

इल्बर्ट विधेयकावर जेमतेम अर्धे पान आहे. भारतीय न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालवता यावेत म्हणून 1883 मध्ये ते आले, गोऱ्यांनी काहूर उठवले आणि 1884 मध्ये आरोपीला निम्मे युरोपीय असलेल्या ज्यूरीची मागणी करता येईल, अशी तडजोड झाली. रिपन येथे माघारले, हे टिपणकाराने स्पष्ट लिहायला हवे होते. आदर ठेवूनही ते लिहिता येते. भारतातून परतल्यावर रिपन नौदलमंत्री व वसाहतमंत्री झाले आणि 1908 पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षांचे होईतो मंत्रिमंडळात होते, हा भाग चार ओळींत उरकला आहे; परीक्षेच्या दृष्टीने तेवढा पुरतो.

प्रकरणाअखेरचे प्रश्न मात्र सगळे जोड्या लावा आणि योग्य पर्याय निवडा या प्रकारचे आहेत. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली असल्याने दीर्घोत्तरी प्रश्न घालायलाच हवेत. पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्यांनी संच जरूर घ्यावा, फक्त त्या ठळक चौकटीत पेनाने ‘कायदा’ खोडून ‘ठराव’ लिहावे आणि शेजारच्या समासात 1884 ची नोंद करावी.