जुन्या फोर-बाय-फोरला कोणता पंखा: बेल्टचा की इलेक्ट्रिक?

चढावर लो गिअरमध्ये गाडी रांगते तेव्हा समोरून वारा जवळपास नसतोच. रेडिएटरची सगळी भिस्त पंख्यावर.

बेल्टवरचा, व्हिस्कस क्लचचा (आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर पंखा फिरवणारी जोडणी, गिअरचा क्लच नव्हे) पंखा हवा भरपूर खेचतो, वायरिंगची कटकट नाही. पण तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. आरपीएम कमी तर हवाही कमी. क्लच आतून कधी मेला ते कळतही नाही. इंजिन गरम असताना बंद करा, पातं हाताने फिरवून पाहा. भिंगरीसारखं गरगरलं तर क्लच गेला.

इलेक्ट्रिक पंखा आयडलिंगलाही पूर्ण जोरात फिरतो. पाण्यातून गाडी काढताना स्विचने बंद करता येतो. बेल्टचा मात्र फिरतच राहतो आणि पाण्याच्या दाबाने पाती वाकून रेडिएटरला घासू शकतात. पण मोठा इलेक्ट्रिक पंखा २०-३० अँपिअर सहज ओढतो. गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर जुना, त्यात रात्रीचे दिवे... रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर हवीच.

माझं मत बेल्टच्या बाजूने, नवा क्लच टाकून. श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं हवा रेडिएटरमधूनच खेचायला लावणारं आवरण, फुटकं असेल तर दोन्ही पंखे सारखेच निकामी. आणि रेडिएटरमध्ये गाळ साचला असेल, तर पंख्याचा वाद नंतर घाला.