जुन्या स्वेटरचा नमदा: आठ महिन्यांनंतर

कसर लागलेले सहा स्वेटर कपाटात पडून होते. घालण्याजोगे उरले नव्हते आणि टाकवतही नव्हते. ऊन पाण्यात मुद्दाम आटवून त्यांचा जाड नमदा करायचा आणि त्यातून वस्तू शिवायच्या, हा उद्योग सुरू करून आठ महिने झाले.

सहापैकी चारच आटले. एक निघाला अ‍ॅक्रिलिकचा. हाताला लोकर लागली म्हणून लेबल बघितलंच नव्हतं. दोनदा धुतला, नुसता स्वच्छ झाला. दुसरा शंभर टक्के मेरिनो लोकरीचा, तरी ढिम्म. मग लेबलवरची खालची ओळ वाचली: मशीनमध्ये धुता येईल. तिथेच घोडं अडलं होतं. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. उष्णता, साबणाचं पाणी आणि घुसळण मिळाली की तंतू एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. अशा मशीनमध्ये धुता येणाऱ्या, म्हणजे सुपरवॉश लोकरीचे खवले आधीच क्लोरीनने बोथट केलेले किंवा रेझिनखाली झाकलेले असतात. मग गुंतणार काय? आता 'फक्त हाताने धुवा' किंवा 'ड्रायक्लीन' असं दिसलं की मी खूश. लेबलच नसेल तर एक धागा जाळून बघते. जळक्या केसांचा वास आणि बोटांत चुरा होणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा.

बाह्या आणि शिवणी आधीच कापते, नाहीतर शिवणीपाशी चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. मग चेनच्या अभ्र्यात घालून, घासायला एक जुनी जीन्स सोबत, ६० अंशांवर. पहिल्या खेपेला अभ्रा वापरला नव्हता. मशीन पाणी सोडेना. फिल्टर उघडला तर आत ओल्या उंदरासारखा राखाडी बोळा!

नीट आटलेला तुकडा मात्र बघत राहावा असा होतो. टाके दिसेनासे होतात. मधोमध कापून कड नखाने ओढली, एकही टाका उसवला नाही. कसरीची बारीक भोकं बुजली, मोठी तशीच राहिली. माझे स्वेटर उंचीला रुंदीपेक्षा बरेच जास्त आटले, त्यामुळे मापं नेहमी आटल्यावरच घ्यावीत.

वस्तूंपैकी कपाखालच्या चकत्या अजून नव्यासारख्या आहेत. गरम भांडी धरायला एक थर पुरत नाही, चटका बसतो. दोन थर शिवले तेव्हा काम झालं. बुटातले तळवे सुरुवातीला झकास, तिसऱ्या महिन्यात टाचेखाली चपटे. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा वजनाने ओघळत कमरेखाली आला. उसवून आतून सुती पट्टी लावली, तेव्हापासून जागचा हलला नाही. घासल्या जाणाऱ्या भागावर गोळे येतात, ते कात्रीने छाटते. त्याची तक्रार नाही, स्वेटरवरही येतच होते.

आणि हो, एकदा आटला म्हणजे पुढे आटणार नाही असं समजू नका. गरम पाण्याच्या पिशवीला हौसेने शिवलेलं कव्हर घरातल्या कुणीतरी चादरींबरोबर कडकडीत पाण्यात टाकलं. आता ते पिशवीवर चढत नाही. मी त्यात चष्मा ठेवते.