मुंबई–नागपूर: विमान की रात्रीची गाडी?

सरळ रेघेत मोजलं तर मुंबई ते नागपूर जेमतेम ६८५ किलोमीटर. रुळांवरून कसारा घाट चढून, मनमाड, भुसावळ, अकोला करत गेलं की हेच अंतर ८३७ होतं. विमान सव्वा तासात उडून जातं, गाडी रात्रभर चालते. कागदावर वादच नाही.

तिकिटावर मात्र दीड तास किंवा थोडं जास्तच लिहिलेलं दिसेल. विमान जागचं हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभं राहीपर्यंतचा वेळ त्यात धरतात. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एकावेळी एकीवरच काम चालतं. म्हणून नागपूरहून येताना समुद्र दिसायला लागला तरी घिरट्या घालणं आलंच.

पण वेळ किती लागतो यावरून माझं ठरलं नाही. घरापासून घरापर्यंत धरलं तरी विमानाला पाच-साडेपाच तास पुरतात, म्हणजे जिंकतं तेच. मला खुपतात ते त्या पाच तासांचे तुकडे. टॅक्सीत जरा डोळा लागतो तोच टर्मिनल येतं. मग सामान, मग सुरक्षा तपासणी, पट्टा काढा, लॅपटॉप बाहेर, पट्टा घाला. पुस्तक उघडावं तर गेट बदलल्याची घोषणा. विमानात बसलो, जरा स्थिरावलो, की खुर्ची सरळ करा. सलग अर्धा तास म्हणून आपल्या हाती लागत नाही. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीची झोपही जाते आणि नागपुरात कामाला बसेपर्यंत माणूस पेंगुळलेला.

संध्याकाळी सीएसएमटीहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस किंवा रात्रीची दुरांतो घेतली की वेळ एकसंध मिळतो. कल्याण गेलं, डबा खाल्ला, चादर अंगावर घेतली. कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात तेव्हाचा धक्काही मला अर्धवटच कळतो. जाग येते तेव्हा वऱ्हाड आलेलं असतं. काहींना गाडीत झोप लागत नाही, त्यांचं गणित अर्थातच वेगळं. वरच्या बर्थवरचं घोरणं हाही नशिबाचा भाग आहे.

समृद्धी महामार्गाबद्दल विचाराल तर भिवंडीजवळच्या आमण्यापासून ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा ताशी १२०. चारजण असाल आणि गाडी आलटून पालटून चालवणार असाल तर विचार करा. एकट्याने नको.

सकाळी जाऊन रात्री परत यायचं असेल, किंवा दवाखान्यातून फोन आला असेल, तर निमूट विमान घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या आसपास बघता बघता वेटिंगवर जातं, तेव्हाही पर्याय तोच. त्यातही जमलं तर संध्याकाळचं घ्या, निदान आदल्या रात्रीची झोप तरी घरच्या गादीवर होईल. पण तारीख आधीपासून ठरलेली असेल, कन्फर्म बर्थ मिळत असेल, तर निदान जाताना तरी गाडीने जाऊन बघा. येतानाचं तिकीट मग सावकाश काढा.