पडवीतल्या दुकानाचं कोकम आगळ

कुडाळहून मालवणला जाताना रस्त्याला लागून असलेल्या एका घराच्या पडवीतच हे दुकान आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, मालवणी मसाला आणि आंबापोळी, एवढाच माल. आगळ उत्तम आहे.

आगळ बिघडतं ते मिठापायी. पिकल्या रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, सालींना मीठ लावून सुटलेला रस रोज ढवळायचा आणि आठवडाभराने गाळायचा. किलोभर सालींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतं. कमी पडलं तर रस आंबतो, वर फेस येतो, प्लास्टिकची बाटली फुगते. जास्त झालं तर आंबटपणाच मरतो. घरी मीठ मुठीने पडतं, आणि सासूची मूठ वेगळी, सुनेची वेगळी. घरच्या पानात ते निभावून जातं, कारण वाढणारी समोर असते. पुण्यात उघडलेल्या बाटलीजवळ कोणी नसतं. इथे मीठ तराजूवर तोललं जातं, म्हणूनच दोन वेगवेगळ्या खेपांच्या बाटल्यांची चव सहसा जुळते. नाव व्हायला एवढं पुरतं, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट त्याहून आवडली. एका खेपेच्या बाटल्यांवर हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: ‘मीठ जरा चढं आहे, कढीत वेगळं घालू नये.’ पहिला घास घेण्याआधीच ‘आज आमटी खारट झालीय हं’ म्हणणारं घर असतं ना, तसंच हे. अशा घरी माणूस पुन्हा जेवायला जातो.

सोलकढीसाठी एका मध्यम नारळाचं तीन वाट्या दूध, चार मोठे चमचे आगळ, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची. मीठ चव घेऊनच. कढी तापवू नका, फुटते. रंगाची शंका असेल तर चमचाभर आगळात पाणी घालून चिमूटभर खायचा सोडा टाका. कोकमाचा लाल रंग निळसर-हिरवट झाला पाहिजे. इथला होतो.

आमसुलं मऊ आहेत, रसाची पुटं नीट चढलेली. मसाला बरा, पण त्यासाठी वाट वाकडी करावी असा नाही.

आता उणं. लेबलची शाई ओल्या हाताने पुसते आणि नेमकी तारीखच जाते. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा अंकी क्रमांक आगळावर आहे, आंबापोळीच्या पाकिटावर सापडला नाही, तो हवाच. आगळ फक्त लिटरच्या बाटलीत मिळतं. दोन माणसांच्या घरात ती महिनोन्‌महिने उघडी राहते, त्यात ओला चमचा जातो, बुरशी धरते, आणि बोल मात्र दुकानाला लागतो. पाव लिटरची बाटली ठेवायलाच हवी. तोवर मोठी घेतलीत तर घरी आणल्याबरोबर काचेच्या दोन-तीन कोरड्या बाटल्यांत ओतून ठेवा. स्टीलचा डबा नको, ॲल्युमिनियमचा तर मुळीच नको.